गोव्याची स्वस्त पोर्ट वाईन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्यात आमचं चार खोल्यांचं निवास-न्याहारी आहे. इथून गोव्याची हद्द जवळ, त्यामुळे पाहुणे दोन दिवस आमच्याकडे राहतात आणि मग पुढे म्हापसा-पणजीकडे जातात. रात्री जेवणं झाली की ओटीवर गप्पा रंगतात आणि कुणीतरी हमखास विचारतं, "ताई, ती गोव्याची पोर्ट वाईन घ्यावी का हो?" माझी मावशी लग्न होऊन म्हापशाला गेली. लहानपणापासून तिच्या घरी ही बाटली पाहिली, पुढे जाणती झाल्यावर चाखली आणि मला ती मनापासून आवडते. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

पोर्ट वाईन म्हणजे नेमकं काय? साध्या वाईनपेक्षा वेगळी कशी?

द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा यीस्ट त्यातली साखर खातं आणि त्याचं अल्कोहोल होतं. साध्या वाईनमध्ये हे काम साखर संपेपर्यंत चालू देतात. पोर्टमध्ये दोन-तीन दिवसांतच, रसात भरपूर साखर शिल्लक असताना, द्राक्षापासून काढलेली कडक दारू ओततात. पोर्तुगालमध्ये ही दारू सुमारे ७७ टक्के अल्कोहोलची असते. जुना हिशोब असा की ५५० लिटरच्या पिंपात ४३५ लिटर आंबता रस आणि ११५ लिटर दारू. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट मरतं. उरलेली साखर तशीच राहते आणि वाईन १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून ती एकाच वेळी गोडही असते आणि जबरही.

अशी दारू घालून बळकट केलेल्या वाईनचं मोठं कुटुंब आहे. स्पेनची शेरी, मदेरा बेटावरची मदेरा, सिसिलीतली मार्साला ही त्यातलीच. शेरीत दारू बहुतेक वेळा आंबण्याचं काम पूर्ण झाल्यावर घालतात, त्यामुळे तिचे काही प्रकार अगदी कोरडे, म्हणजे गोडवा नसलेले, लागतात.

गोव्यातल्या बाटलीत खरी पोर्ट असते का?

पोर्तुगालच्या अर्थाने नाही. खरी पोर्ट दोरू नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षांची. त्या खोऱ्याची हद्द १७५६ सालीच सरकारी हुकुमाने आखली गेली. गोव्यात मात्र साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात हे नाव घरातलं झालं आणि गोड, लाल, जड वाईनला लोक सरसकट पोर्ट म्हणू लागले.

आपल्याकडच्या अशा वाईनला बऱ्याचदा बंगळूर ब्लू हे द्राक्ष वापरतात. हे जांभळं-काळं, जाड सालीचं, बियांचं द्राक्ष कर्नाटकात पिकतं आणि खायला व रसालाही चालतं. त्याच्यात अमेरिकन जातीच्या द्राक्षाचा अंश आहे. लहानपणी खाल्लेल्या जांभळ्या गोळ्यांना येतो तसला वास या वाईनला त्यामुळेच येतो. सगळ्याच बाटल्या दोरूच्या पद्धतीने होत नाहीत. कुणी साखर नंतर मिसळतं, कुणी दारू नंतर. घेण्याआधी लेबलावर अल्कोहोलची टक्केवारी आणि घटक वाचा. त्या दोन ओळींतून नावापेक्षा जास्त कळतं.

ती इतकी खडबडीत का लागते?

कारण तिला वेळ दिलेला नसतो. ओतलेली दारू आणि वाईन एकजीव व्हायला महिने, वर्षं जावी लागतात. महागडी टॉनी पोर्ट लाकडी पिंपात दहा-वीस वर्षं मुरते. तेवढ्यात तिचा लाल रंग विटकरी होतो आणि घशातली आग निवते. स्वस्त बाटलीला हे परवडत नाही. म्हणून आधी साखर जिभेवर येते, मग द्राक्ष आणि शेवटी घशात उतरणारा जाळ. तिन्ही एकामागोमाग एक, वेगवेगळे कळतात.

मग ती लोकांना आवडते का? तुम्हाला का आवडते?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात बऱ्याचदा थोडी कीव असते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं कारण हवा. मे महिन्यात आमच्या किनाऱ्यावर दुपारी भिंतीलाही घाम येतो. नाजूक कोरडी वाईन इथल्या पत्र्याच्या दुकानात महिनाभर उभी राहिली की तिच्यात आंबटपणा आणि शिजलेपणाच उरतो. साखर आणि वाढीव अल्कोहोल असलेली वाईन त्या मानाने तग धरते. बळकट वाईनचा प्रसारच मुळी जहाजांच्या लांब प्रवासामुळे झाला. पिंपं महिनोन् महिने समुद्रावर असत, म्हणून वाईन नासू नये यासाठी दारू घालत. मदेराच्या बाबतीत तर उलटंच झालं. उष्ण कटिबंधातून जहाजाच्या पोटात तापत, हेलकावत गेलेली वाईन परत आल्यावर जास्त चवदार लागली. मग व्यापारी मुद्दाम पिंपं फिरवून आणू लागले. आता तीच ऊब कारखान्यात देतात. आमच्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातली डच वखार पडक्या अवस्थेत उभी आहे. तिच्या भिंतींपाशी गेले की हे सगळं मला आठवतं. ही वाईन समुद्राच्या वाटेवर घडली. दमट बंदरातल्या फडताळात ती शोभते ती काही अपघाताने नाही.

दुसरं कारण ती समजायला सोपी आहे. चव ओळखायला कुणाची शिकवणी लागत नाही. मावशीकडे काम करणारी बाई, मावशीची सासू, मुंबईहून आलेला भाचा, सगळ्यांना पहिल्याच घोटात ती कळते. महागड्या वाईनसमोर माणसं अवघडतात, काहीतरी बरोबर बोलायला हवं असं त्यांना वाटतं. या बाटलीसमोर कुणी अवघडत नाही.

आणि तिसरं, पाऊस. जुलैत तीन दिवस वीज नाही, कपडे वाळत नाहीत, कौलांतून ठिबकतंय, अशा संध्याकाळी मावशी छोट्या काचेच्या पेल्यात दोन बोटं ओतायची आणि म्हणायची, "वायच घे, बरा वाटतला." तो जाळ घशातून छातीत उतरताना जे वाटायचं ते दहा वर्षं मुरलेल्या टॉनीने मला दिलेलं नाही. टॉनी मी एकदा चाखली आहे. सुंदर होती.

अशी स्वस्त बळकट वाईन जगात आणखी कुठे पितात?

गरीब आणि कष्टकरी वस्त्यांत, बऱ्याच ठिकाणी. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत साध्या वाईनपेक्षा गोड बळकट वाईनच जास्त खपत होती. १९५७ मध्ये गॅलो कंपनीने आणलेली थंडरबर्ड त्या काळातली प्रसिद्ध बाटली. पुढे अशा वाईन रस्त्यावर राहणाऱ्या व्यसनी माणसांशी इतक्या जोडल्या गेल्या की काही शहरांनी ठरावीक भागांत त्यांच्या विक्रीवर बंधनं आणली. इंग्लंडमध्ये डेव्हनच्या बकफास्ट मठातले साधू १५ टक्के अल्कोहोलची टॉनिक वाईन करतात. ती सर्वात गाजते स्कॉटलंडमध्ये, आणि तीही मारामाऱ्यांच्या बातम्यांमुळे. तिच्यात कॅफीनही असतं. दारूची झिंग आणि कॅफीनची तरतरी एकत्र आली की माणसाला आपण किती प्यालो ते कळत नाही. हे जोडकाम मला धोक्याचं वाटतं. आपल्याकडेही पोर्टमध्ये एनर्जी ड्रिंक मिसळणारी पोरं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

किती चढते? वाईनच तर आहे ना!

"वाईनच तर आहे" या वाक्यावर पुष्कळ माणसं फसतात, म्हणून आकडेच देते.

समजा बाटली ७५० मिलीची आणि १६ टक्क्यांची आहे. म्हणजे तिच्यात १२० मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की किंवा रम आपल्याकडे बहुधा ४२.८ टक्के असते, तेव्हा ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये जेमतेम १३ मिली. थोडक्यात पोर्टची एक बाटली नऊ छोट्या पेगांच्याही वर जाते. बिअरची ५ टक्क्यांची मोठी बाटली अडीच पेगांच्या आसपास येते. घरच्या पाण्याच्या पेल्यात तुम्ही १५० मिली पोर्ट ओतलीत तर एका वेळी जवळपास दोन पेग घेतलेत. आणि साखरेने जाळ झाकला जात असल्यामुळे ते सरबतासारखे जातात.

एका छोट्या पेगाइतकं अल्कोहोल शरीरातून जायला साधारण तासभर लागतो, कुणाला जास्तही. लिंबू खाऊन, आंघोळ करून किंवा काळा चहा पिऊन तो वेळ कमी होत नाही. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. गोव्यात भाड्याची स्कूटर घेऊन फिरणाऱ्यांना माझं सांगणं आहे की पेला उचलायचा असेल त्या दिवशी स्कूटरची चावी हातातच घेऊ नका. इथले रस्ते वळणांचे, बिनदिव्यांचे आणि गुरांचे आहेत.

बाळंतिणीला पोर्ट वाईन द्यावी का? रक्त वाढतं म्हणतात.

देऊ नये. किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांत ही समजूत होती. आमच्याही घरी होती. आजीच्या फडताळात तुपाच्या बरणीमागे ही बाटली असायची आणि तिला कुणी दारू म्हणत नसे, "औषध" म्हणत. माझ्या बाळंतपणात रोज चमचा-दोन चमचे मलाही दिली गेली. सगळ्यांनी मायेनेच दिली.

पण वाईन लाल आहे म्हणून रक्त लाल होत नाही. तिच्यातलं लोह नगण्य असतं. अल्कोहोल आईच्या रक्तात जितकं, साधारण तितकंच दुधात उतरतं आणि दूध सुटण्याच्या क्रियेत अडथळाही आणतं. तान्ह्याच्या यकृताला ते झेपत नाही. रक्त कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या, अळिवाचे लाडू, नाचणी, पालेभाजी, मासे-मटण आहे की. बाळाला सर्दी झाली म्हणून बोट बुडवून चाटवणं तर पूर्ण बंद करा. गरोदरपणात थेंबही नको.

द्राक्षासव म्हणजे हेच ना?

नाही, पण नात्यातलं म्हणता येईल. आसव-अरिष्टांत द्राक्ष, गूळ-साखर आणि औषधी द्रव्यं एकत्र आंबवतात, आंबण्यासाठी धायटीची फुलं घालतात. त्यातलं अल्कोहोल आंबण्यातून आपोआप तयार होतं, वरून दारू ओतलेली नसते. ते वैद्याने सांगितलेल्या मापात घ्यायचं. मद्यपान पूर्ण सोडलेल्या माणसाने त्यातही अल्कोहोल असतं हे ध्यानात ठेवावं.

सोबत काय खावं?

खारट, तिखट किंवा भाजलेलं. गोड वाईनसमोर फिकं जेवण हरतं.

माझी आवडती जोडी म्हणजे चुलीवर भाजलेले ओले नसलेले काजू, सालासकट, वर मीठ. त्यानंतर गोव्याचे चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज, कांद्यावर परतून. त्यातलं व्हिनेगर आणि मिरची पोर्टच्या गोडव्याशी भांडतात आणि दोघांचंही भलं होतं. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून घेतला तर उत्तम. ताज्या माशाच्या तिखल्याबरोबर मात्र घेऊ नका, त्यात घालतात त्या तिरफळाचा वास आणि हा द्राक्षाचा वास जमत नाही. सोलकढीशीही नको. गोडात मालवणी खाजा घ्या. आलं-गुळाचा तो करकरीत तुकडा आणि वर एक घोट, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगते, कारण आपल्या जत्रेतला पदार्थ या परक्या वाईनला इतका शोभेल असं कुणाला आधी वाटत नाही. बेबिंका, म्हणजे गोव्याचा थरांचा गोड पदार्थ, सगळेच सुचवतात. मला तो गोडावर गोड होतो.

बर्फ घालावा का?

घाला. थंड केली की गोडवा जिभेला कमी लागतो आणि जाळही निवतो. चांगल्या टॉनीत बर्फ घालू नये हे खरं, पण स्वस्त लाल पोर्टला फ्रिजमधला तासभर किंवा बर्फाचे दोन खडे उपकारक आहेत. सोडा आणि लिंबाची फोडही चालते. एक लक्षात ठेवा, थंड झाल्यावर ती आणखी सहज जाते. पेला लहान घ्या.

मधुमेह असेल तर?

खऱ्या पोर्टमध्ये लिटरला ८० ते १२० ग्रॅम साखर असते. म्हणजे १०० मिलीत दोन-अडीच चहाचे चमचे, स्वस्त बाटलीत कधी त्याहून अधिक. शिवाय इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर अल्कोहोलमुळे काही तासांनी एकदम खालीही जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उघडलेली बाटली किती टिकते?

लाल पोर्ट बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन आठवडे चांगली राहते. ओट्यावर, आमच्या हवेत, आठवड्याभरात द्राक्षाचा वास उडतो आणि नुसती साखर-दारू उरते. टॉनी महिना-दीड महिना टिकते. मदेरा आधीच हवा आणि उष्णता सोसून आलेली असल्यामुळे तिचं काही बिघडत नाही, महिने गेले तरी.

पोर्ट, हुर्राक आणि फेणी यांत फरक काय?

पोर्ट ही वाईन, वरून दारू घातलेली. हुर्राक आणि काजूची फेणी भट्टीतून काढलेल्या. काजूच्या बोंडूचा, म्हणजे बीला लागून असलेल्या फळाचा, रस आंबवून एकदा गाळला की हुर्राक, ती सौम्य असते आणि मार्च ते मे या हंगामातच मिळते. पुन्हा गाळली की फेणी, व्हिस्कीइतकी कडक. माडाच्या माडीपासूनही फेणी होते. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आपल्या बोंडूची अशी वाईन का होत नाही?

हा प्रश्न मला कुणी विचारला की मी ओटीवरून उठत नाही.

काजूचं झाड पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलं. आज सिंधुदुर्गातलं बरंच अर्थकारण त्याच्या बीवर चालतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या जाती देशभर गेल्या. बी आम्ही जपतो आणि बीच्या कित्येक पट वजनाचा बोंडू बागेतच टाकतो. एप्रिलमध्ये कुठल्याही बागेत जा, पायाखाली पिवळ्या-लाल बोंडूंचा चिखल असतो आणि वर माश्या. पलीकडे दहा-वीस किलोमीटरवर त्याच फळाची फेणी होऊन मान मिळवते.

बोंडूचा रस घशाला धरतो, कारण त्यात टॅनिन असतं. जिलेटिन किंवा साबुदाण्याच्या पेजेसारखा पदार्थ घालून ते खाली बसवता येतं. मग रस वाईनसाठी आंबवता येतो. त्याच फळापासून परवान्याने काढलेली दारू त्यात योग्य वेळी घातली तर गोडवाही टिकेल आणि आमच्या उन्हाळ्यात वाईनही टिकेल. दोरू खोऱ्यात द्राक्षाच्या वाईनमध्ये द्राक्षाचीच दारू घालतात, तसंच. तिला नाव आमचं असेल, द्राक्षाच्या गोळीचा वास नसेल, बोंडूचा तो उग्र, पिकलेला, पहिल्या पावसाआधीच्या बागेचा वास असेल. ती खडबडीत असेल, आणि असू दे. घरी भट्टी लावणं गुन्हा आहे, ते कुणी करू नये. पण परवाना, तपासणी आणि भाव या तिन्हींची वाट लहान बागायतदाराला सोपी झाली, तर हे होण्यासारखं आहे असं मी मनापासून मानते.

गोव्यातून एखादी बाटली वेंगुर्ल्याला आणली तर चालेल का?

नाही. गोव्यात विकलेली दारू महाराष्ट्राच्या परवान्याशिवाय हद्दीच्या अलीकडे आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलंही असतं. बांदा-इन्सुली भागात गाड्या तपासतात. बाटली जाते, गाडीही अडकते. आमच्या खोल्यांवर आणू नका, मी नाहीच म्हणणार. गोव्यात प्या, तिथेच संपवा. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट २१ आहे.

गावात सुटी, लेबल नसलेली "पोर्ट" मिळते. घ्यावी का?

कधीही नाही. भेसळीच्या दारूत मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असू शकतं आणि ते चवीने ओळखता येत नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणी भागात अशा दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. प्यायल्यावर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं, पोटात कळा, श्वास जोरात, असं काही झालं तर झोपवून ठेवू नका, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि काय प्यालो ते खरं सांगा. मिथेनॉलवर उतारा आहे, पण वेळेत पोचायला हवं.

रोज घ्यावीशी वाटते. काय करू?

आधी हे सांगितलंत हे चांगलं केलंत. स्वस्त आणि गोड या दोन गोष्टी एकत्र आल्या की सवय आवाज न करता लागते. माझ्या नात्यातल्या एका माणसाचं असंच झालं. त्याची सुरुवात "औषधा"च्याच बाटलीने झाली होती. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, थरथर, भास, झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवा. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे मराठीत, घरच्यासारखं बोलतात.

केकमध्ये घालता येते का?

येते, आणि स्वस्त पोर्टचा हा सगळ्यात चांगला उपयोग आहे. नाताळच्या केकसाठी मनुके, खजूर, संत्र्याची साल पोर्टमध्ये आठवडाभर आधी काचेच्या बरणीत भिजत घालायची, रोज एकदा हलवायची. लवंग-दालचिनी मावशी भाजून, भरड कुटून घाले. भाजताना सगळं अल्कोहोल उडतं हा गैरसमज आहे. तासभर भाजल्यावरही सुमारे पाव हिस्सा राहतो. मुलांसाठी करायचा असेल तर तेच मनुके संत्र्याच्या रसात भिजवा आणि त्या केकवर बदामाऐवजी काजू लावा, म्हणजे कापताना कुठला कुणाचा ते कळतं.